व्हॉल्व्ह कोणता? रिमला विचारा!

सायकल विकत घेताना गिऱ्हाईक गिअर किती आहेत ते विचारते, ब्रेक डिस्कचे आहेत का ते पाहते, सीट दाबून बघते आणि रंगावर तर तासभर चर्चा करते. चाकातल्या ट्यूबला कोणत्या जातीचा व्हॉल्व्ह आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो उपस्थित होतो पहिल्या पंक्चरच्या दिवशी. नवी ट्यूब आणली जाते, ती टायरच्या मापाचीही असते, पण तिचा व्हॉल्व्ह रिमच्या छिद्रात शिरतच नाही. किंवा तो शिरतो, पण इतका सैल शिरतो की बोटाने हलवला तरी हलतो. यातला पहिला प्रकार वैतागाचा, तर दुसरा खऱ्या अर्थाने घातक. कारण काही बिघडले आहे हे त्या दिवशी कळत नाही. ते कळते आठ-पंधरा दिवसांनी, एखाद्या उतारावर पुढच्या चाकातली हवा एकाएकी निघून गेल्यावर.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे, त्या काळात शहरातल्या बहुतेक सर्व सायकलींना एकाच प्रकारचा व्हॉल्व्ह असे. कोपऱ्यावरच्या दुकानात ट्यूब मागताना फक्त चाकाचे माप सांगावे लागे. पुढे गिअरच्या सायकली आल्या, परदेशी बनावटीच्या रेसिंग सायकली आल्या, आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर तर सायकल हा अनेकांच्या व्यायामाचा भाग झाला. आता एकाच घरात आजोबांची काळी सायकल, नातवाची रुंद टायरची सायकल आणि मुलाची अरुंद टायरची रेसिंग सायकल अशा तिन्ही नांदत असतील, तर त्या घरात तीन प्रकारचे व्हॉल्व्ह असण्याची शक्यता आहे. हे तिन्ही प्रकार एकमेकांना पर्याय नाहीत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

हे तिन्ही व्हॉल्व्ह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतले आहेत. जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवेच्या टायरचे पेटंट घेतले. (हे पेटंट नंतर रद्द ठरले, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच तशा टायरचे पेटंट घेऊन ठेवले होते! परंतु नाव राहिले ते डनलॉपचे.) टायरात हवा कोंडायची म्हटल्यावर ती आत जाऊ देणारी, पण बाहेर येऊ न देणारी झडप आवश्यक झाली. इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका या तीन देशांत या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरे निघाली. जपानमध्ये आजही सायकलच्या व्हॉल्व्हना इंग्रजी पद्धतीचा, फ्रेंच पद्धतीचा आणि अमेरिकी पद्धतीचा अशीच नावे आहेत, आणि ती मोठी समर्पक आहेत.

इंग्रजी पद्धतीचा व्हॉल्व्ह म्हणजे आपल्याकडच्या काळ्या सायकलचा परिचित व्हॉल्व्ह. त्याचे शास्त्रीय नाव वूड्स; डनलॉप या नावानेही तो ओळखला जातो. त्याच्या पोटातल्या पितळी तुकड्याला बाजूने एक बारीक भोक असते आणि त्यावर रबराची पातळ नळी चढवलेली असते. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही तिला ‘वॉल ट्यूब’ म्हणतात. पंपाचा दाब आला की ही नळी फुगून हवेला वाट देते, दाब थांबला की आतली हवाच तिला भोकावर घट्ट बसवते. यात स्प्रिंग नाही, पिन नाही. नळी उन्हाने सुकली की हवा हळूहळू गळू लागते आणि मालकाला पंक्चर झाल्याचा भास होतो. व्हॉल्व्हच्या तोंडाशी थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहण्याची आपल्या सायकलवाल्यांची रीत याच कारणाने पडली. रबराचा एक तुकडा बदलला की काम भागते. जगातल्या कोणत्याही व्हॉल्व्हची दुरुस्ती इतकी स्वस्त नसेल. अर्थात त्याचा एक दोष आहे. मध्ये रबराची नळी असल्यामुळे आतला दाब मापकाने नीट मोजता येत नाही. अंगठ्याने टायर दाबून पाहण्यावरच भिस्त ठेवावी लागते.

अमेरिकी पद्धतीचा व्हॉल्व्ह श्रेडर या नावाने ओळखला जातो. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले जर्मन कारागीर ऑगस्ट श्रेडर यांच्या कारखान्यात तो आकाराला आला आणि १८९३ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. स्कूटर, मोटारसायकल, मोटार या सर्वांच्या चाकांना हाच व्हॉल्व्ह असतो. आत स्प्रिंगवर बसवलेली पिन असते. ती दाबली की हवा सुटते, सोडली की बंद होते. पेट्रोल पंपावरची आणि पंक्चरच्या दुकानातली हवेची नळी याच व्हॉल्व्हसाठी बनवलेली असल्यामुळे रस्त्यावरच्या मदतीचा विचार करता हा सर्वांत सोयीचा. फ्रेंच पद्धतीचा व्हॉल्व्ह म्हणजे प्रेस्टा. तो सडपातळ असतो आणि त्याच्या टोकाला एक इवलीशी फिरकी असते. हवा भरण्यापूर्वी ती सैल करावी लागते, भरल्यानंतर पुन्हा आवळावी लागते. यातही स्प्रिंग नसते; टायरातला दाबच झडप बंद ठेवतो. टोक नाजूक असल्याने घाईत पंप ओढला की ते वाकते, आणि पहिल्यांदाच पाहणाऱ्या कारागिराला तर हवा कुठून भरायची तेच उमगत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळायला हरकत नाही. वूड्स आणि श्रेडर या दोन्ही व्हॉल्व्हच्या दांड्याचा व्यास सुमारे आठ मिलिमीटर असतो आणि त्यांच्यासाठी रिमला साडेआठ मिलिमीटरच्या आसपास छिद्र पाडलेले असते. प्रेस्टाचा दांडा मात्र सहाच मिलिमीटरचा आणि त्याचे छिद्र साडेसहा मिलिमीटरचे. म्हणजे व्हॉल्व्ह तीन असले तरी छिद्रे दोनच आहेत. काळ्या सायकलच्या रिममध्ये श्रेडर व्हॉल्व्हची, योग्य मापाची ट्यूब सहसा बिनतक्रार बसते, हा याचा एक सुखद परिणाम. ज्याला रोजची वॉल ट्यूबची कटकट नको असेल, त्याने पुढच्या वेळी ट्यूब बदलताना हा बदल करून घ्यायला हरकत नाही.

आपल्या रिमला कोणते छिद्र आहे हे ओळखायला व्हर्निअर कॅलिपर लागत नाही. मुलांच्या दप्तरातली नेहमीची षट्कोनी शिसपेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाडीची असते. ट्यूब काढून ती पेन्सिल छिद्रात घालून पाहावी. आरपार गेली तर छिद्र मोठे, श्रेडरचे किंवा वूड्सचे. अडली तर छिद्र लहान, प्रेस्टाचे.

फ्रेंचांनी दांडा एवढा बारीक का केला असेल, याचे उत्तर रिमच्या रुंदीत आहे. काळ्या सायकलची पोलादी रिम चांगली रुंद असते. तिच्यातून आठ-साडेआठ मिलिमीटरचे धातू काढून टाकले तरी तिला फारसे जाणवत नाही. परंतु जुन्या रेसिंग सायकलच्या अरुंद रिमची आतली रुंदी तेरा मिलिमीटर इतकीही असे. तेरा मिलिमीटरच्या पट्टीत साडेआठचे छिद्र पाडले, तर दोन्ही बाजूंना मिळून उरतो जेमतेम साडेचार मिलिमीटर धातू, म्हणजे एकेका बाजूला सव्वादोन. साडेसहाचे छिद्र पाडले तर बरोबर निम्मी पट्टी शाबूत राहते. स्पोकच्या ताणाने सर्व बाजूंनी ओढल्या जाणाऱ्या रिममध्ये ही जागा नैसर्गिकच कमकुवत असते; तिथे हा फरक थोडा नव्हे. अलीकडच्या काळात रेसिंग सायकलच्या रिम रुंद होत गेल्या आहेत, त्यामुळे हे कारण पूर्वीइतके कडक उरलेले नाही. तरीही रिम, पंप आणि ट्यूब या सर्वांची घडी प्रेस्टाभोवती बसलेली असल्याने तो टिकून आहे. श्वाल्बे या जर्मन कंपनीने २०२४ मध्ये ‘क्लिक’ नावाचा नवा व्हॉल्व्ह बाजारात आणला, तोदेखील प्रेस्टाच्याच छिद्राशी जुळवून घेणारा आहे. छिद्रापुढे कोणाचे चालत नाही, हेच खरे!

न जुळणाऱ्या जोडीचे दोन प्रकार संभवतात. पहिला, जाड व्हॉल्व्ह आणि लहान छिद्र. इथे व्हॉल्व्ह आत जातच नाही, आणि मग दुकानदार ड्रिल मशीन हातात घेतो. ‘दोन मिनिटांत भोक मोठे करून देतो’ हे वाक्य ऐकायला सोयीचे वाटते. पण रिमचा विचार केल्यावाचून त्याला होकार देऊ नये. रुंद अॅल्युमिनियमच्या वा पोलादी रिमवर काळजीपूर्वक केलेले हे काम बऱ्याचदा निभावून जाते. मात्र अरुंद रिमवर ते करणे म्हणजे वर सांगितलेला हिशेब स्वतःच्या हाताने उलटा करणे होय. कार्बन फायबरच्या रिमला तर ड्रिल लावूच नये. तिथे धाग्यांचे थर तुटतात, उकलू लागतात, आणि कंपनीची हमीही संपुष्टात येते. ज्या रिमवर हे काम झालेच असेल, तिच्या छिद्राची धार कानशीने आणि पॉलिश कागदाने पूर्ण गुळगुळीत करून घेतली पाहिजे. हे न केलेली रिम ही ट्यूब कापण्याचे हत्यारच ठरते. खरे तर योग्य व्हॉल्व्हची ट्यूब मागवून घेण्यात दोन दिवस जातील, पण रिम वाचेल; आणि नव्या रिमची किंमत, स्पोक पुन्हा बांधण्याची मजुरी यांचा विचार केला तर ते दोन दिवस मुळीच महाग नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे बारीक व्हॉल्व्ह आणि मोठे छिद्र. हा अधिक फसवा आहे, कारण ट्यूब बसते, हवा भरली जाते, सायकल चालू लागते. इथे नेमके काय होते ते एका साध्या हिशेबाने समजून घेता येईल. सहा मिलिमीटरचा दांडा साडेसहाच्या छिद्रात असताना त्याच्या भोवती मोकळी राहणारी जागा सुमारे पाच चौरस मिलिमीटर असते. तोच दांडा साडेआठच्या छिद्रात घातला की ही जागा होते सुमारे साडेअठ्ठावीस चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सहापट. अरुंद टायरात शंभर पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो, एवढा दाब असेल, तर योग्य छिद्रात त्या फटीतून ट्यूबच्या रबराला बाहेर ढकलणारा जोर पाव-अर्ध्या किलोच्या आत राहतो. मोठ्या छिद्रात तो दोन किलोंवर जातो. हा जोर सायकल उभी असतानाही चालू असतो. रबर त्या फटीत फुगून येते, छिद्राच्या कडेवर घासते, आणि प्रत्येक ब्रेकबरोबर व्हॉल्व्ह थोडा पुढे-मागे डुलत असल्यामुळे ही घासणी अखंड सुरू राहते. शेवटी व्हॉल्व्हच्या मुळाशी रबर फाटते.

मुळाशी फाटलेल्या ट्यूबला पॅच लावता येत नाही. पॅचला सपाट रबर लागते. व्हॉल्व्हच्या बुडाशी मात्र धातू आणि रबर यांचा जोड असतो, तिथली पृष्ठभूमी जाड आणि उंचसखल असते. कितीही सोल्युशन लावले तरी ते टिकत नाही. ती ट्यूब टाकूनच द्यावी लागते. कारागीर ‘काटा लागला असेल’ म्हणून तशीच दुसरी ट्यूब बसवतो, महिन्याभरात तीही तशीच जाते, आणि मालक टायर बदलायचा विचार करू लागतो. वास्तविक फाटलेली ट्यूब फुगवून भोक कुठे आहे ते पाहिले, तर सगळा उलगडा होतो. भोक बाहेरच्या, टायरच्या बाजूला असेल तर काटा, काच, खिळा. आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर सरकलेली रिमपट्टी किंवा डोकावणारा स्पोक. आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी असेल तर दोष बहुधा छिद्राचा, किंवा वाकड्या बसलेल्या व्हॉल्व्हचा.

मोठ्या छिद्रात प्रेस्टा वापरायचीच वेळ आली, तर त्यावर एक स्वस्त उपाय उपलब्ध आहे. प्लास्टिकचे किंवा धातूचे एक छोटे बूच मिळते. त्याच्या बाहेरचा व्यास मोठ्या छिद्राचा आणि मधले भोक प्रेस्टाच्या दांड्याचे असते. ते रिममध्ये बसवले की फट बुजते. मात्र ते घट्ट बसले आहे आणि त्याची कड वर आलेली नाही, याची खात्री करून घ्यावी. दांड्याला चिकटपट्टीचे वेढे देऊन जाडी वाढवण्याचा उद्योगही पाहायला मिळतो. घरापर्यंत पोहोचण्यापुरता तो ठीक आहे.

व्यासानंतर येते ती लांबी, आणि ही अडचण मुख्यतः प्रेस्टाची आहे. वारा कापण्यासाठी बनवलेल्या खोल रिमची उंची तीस, पन्नास मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक असते. चाळीस मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पन्नास मिलिमीटरच्या रिममध्ये बसवला तर तो बाहेर डोकावणारच नाही. पंपाचे तोंड धरायला दांडा रिमबाहेर निदान पंधरा मिलिमीटर तरी यायला हवा. त्यामुळे साध्या रिमला चाळीस, तीसच्या रिमला पन्नासच्या आसपास आणि पन्नासच्या रिमला साधारण ऐंशी मिलिमीटरचा व्हॉल्व्ह असा अंदाज धरावा. लांबी वाढवणारी जोडनळीही मिळते. तिच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली नाही तर हवा तिथूनच गळते. उलट, साध्या रिमला ऐंशीचा व्हॉल्व्ह लावला तर नुकसान काही नाही, फक्त तो चाकाबाहेर काडीसारखा उभा राहतो आणि कशाला तरी अडकून वाकण्याची शक्यता वाढते.

ट्यूबच्या डब्यावर या सर्व गोष्टी छापलेल्या असतात, पण त्या सांकेतिक अक्षरांत. टायरच्या मापाचे आकडे बहुतेकांना परिचित असतात. त्यांच्या शेजारी दोन अक्षरे असतात ती वाचायला हवीत. ‘एफव्ही’ म्हणजे फ्रेंच व्हॉल्व्ह, अर्थात प्रेस्टा. ‘पीव्ही’ म्हणजेही प्रेस्टाच. ‘एव्ही’ म्हणजे मोटारीचा किंवा अमेरिकी, अर्थात श्रेडर. ‘डीव्ही’ म्हणजे डनलॉप. इथवर सरळ आहे. घोटाळा आहे तो ‘एसव्ही’ या अक्षरांचा. काही कंपन्या त्याचा अर्थ श्रेडर असा घेतात. श्वाल्बेच्या डब्यावर मात्र ‘एसव्ही’ म्हणजे स्क्लाव्हरां, आणि स्क्लाव्हरां हे प्रेस्टाचेच जर्मनीत रुळलेले दुसरे नाव! एकाच अक्षरजोडीचे दोन विरुद्ध अर्थ असल्याने घरबसल्या ट्यूब मागवणाऱ्याने अक्षरांवर न विसंबता चित्र पाहावे. दुकानात जायचे असेल तर जुनी ट्यूब सोबत न्यावी. सर्वांत शहाणपणाची पद्धत हीच. मात्र ती जुनी ट्यूब तरी त्या रिमसाठी योग्य होती ना, हे एकदा पेन्सिलीने पाहून घ्यावे. आधीच्या मालकाची चूक पुढे चालवण्याचे कारण नाही.

योग्य व्हॉल्व्ह मिळाला तरी बसवण्यात चूक झाली की ट्यूब टिकत नाही. व्हॉल्व्ह छिद्रातून घालून टायर चढवल्यावर दांडा एकदा आत, टायरच्या दिशेने ढकलावा. त्यामुळे टायरच्या कडेखाली दबलेली ट्यूब मोकळी होते. मगच हवा भरावी. प्रेस्टाच्या दांड्यावर येणारी गोल चकती बोटाने आवळण्यापुरती असते. तिला पक्कड लावली की व्हॉल्व्हचे मूळ रिममध्ये खेचले जाते. हवा भरल्यानंतर दांडा रिमला काटकोनात, चाकाच्या मध्याकडे रोखलेला दिसला पाहिजे. तो तिरका दिसू लागला, तर कमी हवेमुळे टायर आणि ट्यूब रिमवर सरकत आहेत असे समजावे. हवा सोडून, टायर हाताने फिरवून तो सरळ करून घेतला नाही, तर छिद्राचे माप अचूक असूनही मूळ कापले जाते.

राहिला प्रश्न रस्त्यावरच्या अडचणीचा. शहराबाहेर, एखाद्या घाटाच्या पायथ्याशी पंक्चरचे दुकान भेटते, तिथे कारागीर तरबेज असतो आणि कॉम्प्रेसरही असतो, पण त्याची सगळी सामग्री मोटारसायकल आणि ट्रकसाठी असते. श्रेडरवाल्याचे काम तिथे होते. प्रेस्टावाल्याने पितळेचा एक छोटा जोड खिशात बाळगलेला असेल, तर त्याचेही होते. हा जोड प्रेस्टाच्या टोकावर फिरवून बसवला की बाहेरून श्रेडर तयार होतो. आतली फिरकी आधी सैल करायला मात्र विसरू नये. काळजी घ्यायची ती कॉम्प्रेसरची. सायकलच्या अरुंद टायरात हवा मावते फारच थोडी, त्यामुळे मोटारसायकलच्या सवयीने नळी धरून ठेवली तर टायर क्षणार्धात फुगून फुटू शकतो. नळी थोडी लावून काढावी, टायर दाबून पाहावा, पुन्हा लावावी. दुकानात सायकलची ट्यूब असलीच तरी ती बहुधा जाड व्हॉल्व्हची असेल, आणि प्रेस्टाच्या रिमला तिचा काहीच उपयोग नाही. म्हणूनच लांबच्या फेरीला निघताना सीटखालच्या पिशवीत योग्य व्हॉल्व्हच्या निदान दोन ट्यूब असाव्यात, आणि त्या पिशवीत भरण्यापूर्वी घरी एकदा फुगवून, रिममध्ये घालून पाहिलेल्या असाव्यात.